बीज, ताण आणि संगोपन



‘घराण्यातच विद्या नाही’, असे मागे पडणाऱ्या मुलाविषयी सहज बोलले जाते. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरे. तथापि प्रयोगशाळेतील उंदरांची दोन कुळे या बोलण्याचा फेरविचार करावयास लावतात.

पिढ्यान्‌पिढ्या सख्ख्या भावंडांच्या संकरामुळे एका कुळातील सर्व उंदीर आनुवंशिक दृष्ट्या जवळजवळ एकसारखे असतात. ‘बाल्ब-सी’ हे पांढरे कूळ जात्याच भित्रे. ताण आला की त्याच्या रक्तात ताणाचे संप्रेरक अधिक चढते. ‘सी-५७’ हे काळे कूळ तुलनेने धीट. पाण्याच्या हौदात दडविलेला चौथरा भोवतालच्या खुणांवरून शोधावयाचा, ही रिचर्ड मॉरिस यांनी १९८१ मध्ये मांडलेली परीक्षा. तीत बाल्ब-सी मागे पडतो. दोष बीजाचा, असे म्हणून येथेच थांबता आले असते.

परंतु कॅनडातील संशोधकांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात भित्र्या कुळाची पिले धीट कुळाच्या माद्यांपाशी वाढविली. मोठेपणी त्यांची उणीव बरीच कमी झाली. उलट, धीट कुळाची पिले भित्र्या मादीपाशी वाढूनही मागे पडली नाहीत. संगोपनाचा परिणाम दिसला तो दुर्बळ बीजावर.

दीर्घ ताणाने मात्र सुदृढ प्राण्याचेही अवधान ढळते. २००६ मधील एका अमेरिकी प्रयोगात मोठ्या जातीच्या उंदरांना २१ दिवस रोज ६ तास जखडून ठेवले. एका प्रकारच्या खुणेवरून दुसऱ्या प्रकारच्या खुणेकडे लक्ष वळविणे त्यांना जड गेले. मेंदूच्या अग्रभागातील पेशींच्या शाखाही आखडल्या होत्या. अशा शाखा तीन आठवड्यांच्या विश्रांतीनंतर पुन्हा वाढतात, परंतु केवळ तरुण प्राण्यांत.