कार्यशाळेतील यंत्रे आणि सुरक्षित वीजजोडणी



पिठाची गिरणी, लाकूड कापण्याचे करवतयंत्र, वेल्डिंगचे दुकान, शाळेतील तंत्रशिक्षणाची कार्यशाळा यांपैकी काही ना काही आज बहुतेक मोठ्या गावांत आढळते. यंत्र घेताना त्याची अश्वशक्ती आणि किंमत बारकाईने पाहिली जाते. ते विजेला कसे जोडावे, हा प्रश्न मात्र जो कोणी वायरमन हाताशी असेल त्याच्यावर सोपविला जातो.

फ्यूज असला म्हणजे माणूस सुरक्षित झाला, ही समजूत सर्वत्र रूढ आहे आणि ती घातक आहे. फ्यूज तारेचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. यंत्राच्या लोखंडी सांगाड्यात वीज उतरली आणि ओल्या हाताचा त्याला स्पर्श झाला, तर शरीरातून जाणारा प्रवाह सुमारे पाव अँपियर असू शकतो. मृत्यू ओढवण्यास तो पुरेसा आहे. पंधरा अँपियरच्या फ्यूजला मात्र त्याची दखलही लागत नाही.

यावर पहिला उपाय भूसंपर्काचा, म्हणजेच अर्थिंगचा. परंतु केवळ खड्डा खणून तार पुरल्याने भागत नाही. समजा, त्या भूसंपर्काचा रोध दहा ओहम आहे. २३० व्होल्ट दाबाखाली त्यातून तेवीस अँपियर प्रवाह वाहील, म्हणजे तीस अँपियरचा फ्यूज वितळणार नाही आणि सांगाडा जिवंतच राहील. म्हणून भूसंपर्काचा रोध मोजून घ्यावा, तोही शक्यतो उन्हाळ्यात, जमीन कोरडी असताना. त्याच्या जोडीला गळतीचा प्रवाह ओळखून पुरवठा तोडणारे उपकरण बसवावे. माणसाच्या रक्षणासाठी ते ३० मिलिअँपियरला तुटणारे असावे. त्यावरील चाचणीचे बटण अधूनमधून दाबून पाहावे. ते केवळ शोभेसाठी नसते.

काही ठिकाणी वेगळी तार वाचविण्यासाठी यंत्राचा सांगाडा न्यूट्रललाच जोडतात. न्यूट्रलची तार कोठे तुटली की चालू यंत्राचा सांगाडा विद्युतभारित होतो, आणि हे डोळ्यांना दिसत नाही. लाल, पिवळी व निळी तार फेजसाठी, काळी न्यूट्रलसाठी आणि हिरवी भूसंपर्कासाठी, ही रंगांची शिस्त पाळली तर पुढे दुरुस्ती करणाऱ्याचा जीव वाचतो.

स्टार्टरकडेही असेच दुर्लक्ष होते. पुरवठा खंडित होताच स्टार्टरमधील चुंबकीय गुंडाळी सुटते, आणि वीज परत आली तरी हिरवे बटण पुन्हा दाबल्याशिवाय मोटर सुरू होत नाही. वीज गेली म्हणून पात्यात अडकलेली ढलपी काढू लागलेल्या कामगाराचे बोट याच योजनेमुळे शाबूत राहते. बटणात काडी खुपसून ते दाबून ठेवण्याची सोय ज्याने शोधली, त्याने कोणावर उपकार केले नाहीत. तीन फेजपैकी एक गेला असता मोटर जळू नये म्हणून अतिभार रिले असतो. तो मोटरच्या पाटीवरील प्रवाहाप्रमाणे लावावा. वारंवार तुटतो म्हणून वाढवून ठेवू नये.

हे सारे कायद्यालाही अभिप्रेत आहे. तीन फेजवर चालणाऱ्या स्थिर मोटरच्या सांगाड्याला दोन स्वतंत्र भूसंपर्क असावेत, अशी तरतूद १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत होती. २००३ च्या विद्युत अधिनियमानंतर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० मध्ये सुरक्षाविषयक विनियम केले, आणि त्यांची जागा २०२३ च्या विनियमांनी घेतली. वीजसंच मांडणीचे काम परवानाधारक ठेकेदाराकडून करून घेणे आवश्यक आहे.

पंचायतीचे सदस्य आणि मुख्याध्यापक यांच्यापुढे अंदाजपत्रक येते तेव्हा खर्च कमी करण्यासाठी पहिली कात्री बहुधा भूसंपर्काच्या दुसऱ्या तारेवर चालते. ती ओळ खोडण्यापूर्वी त्या यंत्रावर कोण काम करणार आहे, हे विचारावे. काम पुरे झाल्यावर देयकावर सही करण्याअगोदर ठेकेदाराकडून रोधाच्या मापनाचा लेखी अहवाल मागून घ्यावा, आणि गळतीरोधक उपकरणाचे चाचणीबटण आपल्यासमोर दाबावयास सांगावे.