मैदान आणि भोवतालची जमीन

(सालवड येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



शहराच्या मध्यभागी मोठे स्टेडियम उभारण्याची घोषणा झाली की वर्तमानपत्रांत त्याचे रंगीत चित्र येते. हिरवेगार मैदान, दिव्यांचे उंच मनोरे आणि हजारो आसने पाहून तरुण हरखतात. चित्राच्या कडेला फिकट रंगात दाखवलेली हॉटेले, दुकाने, कचेऱ्या आणि घरांचे मनोरे यांच्याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. योजनेचा खरा अर्थव्यवहार त्या फिकट रंगातच असतो. मैदानाच्या नावाने जमीन मिळते, सवलती मिळतात, चटईक्षेत्र वाढवून मिळते, आणि नफा होतो तो भोवतालच्या बांधकामावर. म्हणून स्टेडियम हवे की नको, हा वाद दुय्यम आहे. भोवतालच्या जमिनीचे मूल्य कोण वाढवतो आणि ते कोणाच्या पदरात पडते, हा समाजवाद्यांचा प्रश्न असला पाहिजे.

जमिनीची किंमत मालकाच्या श्रमाने वाढत नाही. ती रस्त्याने, रेल्वेने, पाण्याच्या नळाने आणि शेजारी वस्ती करणाऱ्या माणसांमुळे वाढते. रिकार्डोने खंडाच्या सिद्धांतात या गोष्टीचे मूळ दाखविले आणि ही अनर्जित वाढ करावाटे समाजाकडे यावी, अशी मागणी जॉन स्टुअर्ट मिलने केली. मिल काही क्रांतिकारक नव्हता. तरीही शंभराहून अधिक वर्षांनंतर सार्वजनिक पैशाने निर्माण झालेली वाढ खाजगी खिशात घालणाऱ्या योजनांना विकास म्हटले जाते, आणि तीवर हक्क सांगणाऱ्याला विकासविरोधी ठरविले जाते.

अशा योजनांच्या बाजूने सांगितले जाते की स्टेडियममुळे रोजगार वाढतो आणि परिसराला ऊर्जितावस्था येते. हा दावा अमेरिकेत कसून तपासला गेला आहे. रॉजर नोल आणि अँड्र्यू झिम्बालिस्ट यांनी संपादित केलेला ग्रंथ १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. सार्वजनिक खर्च भरून निघेल अशी आर्थिक वाढ स्टेडियममुळे होत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. कारण साधे आहे. कुटुंबाची करमणुकीवर खर्च करण्याची ऐपत ठरलेली असते; सामन्याच्या तिकिटावर गेलेला पैसा नाटकगृहातून, खानावळीतून, गल्लीतल्या दुकानातून कमी होतो. बांधकामाचा रोजगार इमारत पुरी होताच संपतो. सामन्यांचे दिवस वर्षात मोजकेच. एरवी तेथे काम उरते ते पहारेकऱ्याला आणि झाडूवाल्याला.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील उदाहरण बोलके आहे. तेथे २००३ मध्ये एक क्रीडागृह आणि त्याभोवती हजारो घरे अशी योजना जाहीर झाली. सामान्यांना परवडतील अशी २,२५० घरे बांधण्याचे वचन होते. क्रीडागृह २०१२ मध्ये उघडले. परवडणाऱ्या घरांची अखेरची मुदत मे २०२५ मध्ये उलटली, तेव्हा त्यांतील शेकडो घरे बांधलीच गेली नव्हती. नफ्याचा भाग आधी आणि लोकांचा भाग सवडीने, असा हा क्रम असतो.

महाराष्ट्राचा अनुभव निराळा नाही. समुद्र हटवून मिळविलेल्या जमिनीवर मुंबईत १९३७ मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियम उघडले. पुढे प्रेक्षकांच्या आसनांच्या वाटणीवरून क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि मुंबईची क्रिकेट संघटना यांचे बिनसले, आणि किलोमीटरभराच्याही आत दुसरे स्टेडियम उभे राहिले. १९७५ च्या जानेवारीत वानखेडेवर पहिला कसोटी सामना झाला. एका स्टेडियमला गव्हर्नराचे नाव मिळाले, दुसऱ्याला पुढाऱ्याचे. गिरणगावातील पोरे मात्र चाळींच्या मधल्या बोळांतच खेळत राहिली. त्याच गिरणगावाच्या जमिनीबाबत १९९१ च्या नियमाने एकतृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी आणि एकतृतीयांश सार्वजनिक घरांसाठी ठरविला होता. २००१ मध्ये नियमाचा अर्थ असा बदलला की ही वाटणी फक्त आधीच रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती उरली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल मान्य केला. मैदाने कागदावर होती. कागदाची भाषा बदलताच ती नाहीशी झाली.

याहून ताजे उदाहरण घणसोलीचे आहे. नवी मुंबईतील या उपनगरात शासकीय क्रीडासंकुलासाठी सुमारे २० एकर जागा राखून ठेवली होती. पुढे सिडकोने त्यातील जमीन निविदेने खाजगी विकासकाकडे दिली, आणि क्रीडासंकुल रायगड जिल्ह्यात माणगावजवळ नाणोरे येथे नेण्याचे शासनाने ठरविले. हे अंतर सुमारे ११५ किलोमीटर. घणसोलीच्या मुलाने संध्याकाळी शाळा सुटल्यावर खेळायला माणगावास जावे, असा या निर्णयाचा सरळ अर्थ होता. वास्तुविशारदांच्या संस्थेच्या नवी मुंबई केंद्राने याचिका केली. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा निर्णय रद्द केला आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. न्याय झाला, ही समाधानाची गोष्ट आहे. पण दाद मागितली ती व्यावसायिकांच्या संस्थेने. राजकीय पक्षांनी, त्यांत समाजवादीही आले, हा प्रश्न वेळेवर रस्त्यावर का आणला नाही, याचा विचार कार्यकर्त्यांनी करावयास हवा.

आता पालघरकडे वळू. १ ऑगस्ट २०१४ रोजी जिल्हा झाला. दुग्धविकास खात्याची सुमारे ४४० हेक्टर जमीन सिडकोकडे सोपविण्यात आली. त्यांपैकी सुमारे १०३ हेक्टरांवर जिल्हा मुख्यालय आणि उरलेल्या सुमारे ३३७ हेक्टरांवर नवे शहर, अशी मांडणी आहे. मुख्यालयाचे उद्घाटन २०२१ मध्ये झाले. बांधकामाचा खर्च नव्या शहरातील भूखंडांच्या व्यवहारातून वसूल व्हावा, हे त्यामागचे गणित. शासनाला रोख पैसा काढावा लागत नाही म्हणून हे गणित सोयीचे वाटते. पण सार्वजनिक जमीन हीदेखील पुंजीच आहे. भाडेपट्टा साठ वर्षांचा असला तरी अधिमूल्य एकदाच आणि आजच्या भावाने घेतले जाते. उद्याची वाढ भूखंडधारकाची होते.

ही वाढ थोडी असणार नाही. मुंबई-अहमदाबाद द्रुतगती रेल्वेचे एक स्थानक बोईसरला होत आहे. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली असून त्याचा अंदाजित खर्च ७६ हजार कोटींच्या वर आहे. या पट्ट्यात उद्या क्रीडानगरी, क्रीडासंकुल आणि त्याभोवती व्यापारी विकास अशी योजना आली, तर तिचे स्वागत करण्यापूर्वी हिशेब मागावा लागेल.

सालवड-बोईसरच्या माणसाला मैदानाची गरज नाही असे कोण म्हणेल? तारापूरच्या कारखान्यांत कंत्राटावर राबणारा कामगार भाड्याच्या एका खोलीत राहतो. पाळी संपल्यावर बसायला त्याला जागा नाही आणि त्याच्या मुलांना खेळायला अंगण नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर देशात सर्वांत वरच्या क्रमांकावर होते. अशा ठिकाणी झाडे असलेले मोकळे मैदान ही चैन नव्हे, ती आरोग्याची गरज आहे. मात्र ही गरज पन्नास हजार प्रेक्षकांच्या आसनांनी भागत नाही. ती भागते घरापासून चालत जाता येईल अशा मैदानाने, जेथे मुलगीही संध्याकाळी निर्धास्त खेळू शकेल. राष्ट्र सेवा दलाच्या शाखा अशा साध्या मैदानांवरच भरत आल्या. एका रांगेत उभे राहून खेळताना जात आणि धर्म विसरण्याचे शिक्षण तेथेच मिळाले. त्याला प्रेक्षागार लागले नाही.

यास्तव चार मागण्या स्पष्ट शब्दांत मांडल्या पाहिजेत. पहिली, क्रीडासंकुल आणि भोवतालचा विकास यांचा हिशेब एकत्र प्रसिद्ध व्हावा; जमीन किती, कोणत्या भावाने आणि कोणाला, हे मराठीत आणि ग्रामसभेपुढे मांडले जावे. दुसरी, खेळासाठी राखलेली जागा अन्यत्र हलविता येऊ नये. तिसरी, सार्वजनिक जमिनीची मालकी सार्वजनिकच राहावी आणि व्यापारी भूखंडांचे भाडे ठरावीक वर्षांनी चालू भावानुसार वाढावे. त्या उत्पन्नातून मैदानांची देखभाल व्हावी. चौथी, मोठ्या स्टेडियमच्या आधी गावोगावची मैदाने. राज्य शासनाने २०२२ मध्ये तालुका क्रीडासंकुलासाठीच्या अनुदानाची मर्यादा ५ कोटी आणि जिल्हा संकुलासाठीची २५ कोटी केली. इतक्या पैशात भव्य स्टेडियम होत नाही, पण धावपट्टी, कबड्डीचे मैदान, पाणी आणि स्वच्छतागृह नक्की होते.

या मागण्या सभेत टाळ्या घेण्यासाठी नाहीत. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमानुसार विकास योजनेच्या मसुद्यावर नागरिकांच्या हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात. जाहिरात कोपऱ्यात छापून येते, मुदत निघून जाते, आणि मग मोर्चा निघतो. हा क्रम उलटा झाला पाहिजे. प्रत्येक शाखेत नकाशा वाचता येणारे दोन तरी कार्यकर्ते तयार व्हावेत. औद्योगिक वसाहतीत महामंडळ हेच नियोजन प्राधिकरण असते; तेथील मोकळ्या जागांची यादी त्याच्याकडून मागवावी आणि प्रत्यक्ष जागेवर जाऊन पडताळावी.

१४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरच्या कचेरीवर गेलेल्या मोर्चावर गोळीबार झाला. त्यात पडलेल्या पाच हुतात्म्यांत सालवडचे सुकुर मोरे होते. दरवर्षी त्या दिवशी पालघरला श्रद्धांजलीसाठी लोक जमतात. येत्या १४ ऑगस्टपूर्वी सालवड, बोईसर आणि पालघर येथील राखीव आणि मोकळ्या जागांची पडताळलेली यादी तयार करून ती त्या दिवशी लोकांपुढे ठेवावी. सरकारी कचेरी ही जनतेची आहे, असे सांगत ती माणसे पुढे सरकली होती. कचेरीच्या भोवतालची जमीनही जनतेचीच आहे, हे सांगण्याचे काम आजच्या पिढीकडे आले आहे.