जास्वंद व अळंबें



अंगणांतील जास्वंदीकडे आम्ही कौतुकानें पाहतों. शेजारच्या कुजक्या ओंडक्यावरील अळंबें मात्र आम्हांस नकोसें वाटतें. परंतु दोहोंची तुलना केली असतां निराळाच बोध होतो.

जास्वंदीच्या पानांत हरितद्रव्य असतें. त्याच्या साहाय्यानें ती सूर्यप्रकाश, हवा व पाणी यांपासून आपलें अन्न सिद्ध करते. अळंब्यापाशीं हें द्रव्य नाहीं. आमच्या दृष्टीस पडतें तें जणूं त्याचें फळ होय. खरा देह सूक्ष्म तंतूंच्या रूपानें लाकडांत पसरलेला असतो. ते तंतू पाचक रस सोडून लाकूड विरघळवितात व त्यावर पोसतात. १७५३ सालीं लिनीयस यांनीं अळंब्यांची गणना वनस्पतींतच केली होती. १९६९ सालच्या व्हिटेकर यांच्या वर्गीकरणांत मात्र त्यांची सृष्टि स्वतंत्र आहे.

जास्वंदीचें फूल बहुधा एकच दिवस टिकतें. गळलेलीं फुलें, पानें व फांद्या अशाच तंतूंच्या श्रमानें मातीस मिळतात, आणि त्याच मातींत जास्वंद पुन्हां फुलते. एक रचते, दुसरें मोडून परत देतें.

तथापि उभ्या झाडाच्या बुंध्यावर अळंबें दिसल्यास तें केवळ खरवडून आम्हीं स्वस्थ बसूं नये. आंतील लाकूड बहुधा आधींच पोखरलेलें असतें, आणि त्याच झाडाखालीं आमचीं मुलें खेळतात. जाणत्यास झाड वेळींच दाखवावें. ओंडक्यावरील अळंब्यास मात्र आपलें काम करूं द्यावें. तें आमच्या अंगणाचेंच काम आहे.