वऱ्हाडचा उन्हाळा आणि क्रोशाचा अंगरखा



क्रोशाचे विणकाम आपल्या घरांना नवे नाही. रुखवतात मांडलेले रुमाल, तांब्यावरची झाकणे, दारावरचे तोरण, मेजावरचे आच्छादन अशा किती तरी रूपांनी ही जाळी आपल्या परिचयाची आहे. परंतु ही यादी नीट पाहिली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. तांब्याला झाकण मिळाले, मेजाला आच्छादन मिळाले, पण जिने ते विणले तिच्या स्वतःच्या अंगावर हे काम फारसे आले नाही. अकोला-अमरावतीकडे वैशाखात पारा 45 अंशांपलीकडे जातो. अशा मुलखात तर हवेशीर सुती जाळीचा पहिला मान माणसाच्या देहाला मिळावयास हवा. म्हणून आज उन्हाळ्यात घालावयाच्या हलक्या, सैल अंगरख्याविषयी मी आपणांशी बोलणार आहे.

परदेशांत समुद्रस्नानाच्या पोशाखावरून असा जाळीदार अंगरखा घालण्याची चाल आहे. वऱ्हाडापासून समुद्र शेकडो कोस दूर; दिवाळीच्या सुटीत कोणी अलिबागेस किंवा गणपतीपुळ्यास गेले तरच त्याची गाठ पडावयाची. तथापि ज्या कारणासाठी तो अंगरखा पुळणीवर घालतात ते कारण, म्हणजे ऊन आणि घाम, आपल्या अंगणातच हजर आहे. पातळ मलमलीच्या सदऱ्यावरून किंवा पोलक्यावरून तो घातला म्हणजे घरी, दारी आणि प्रवासात सारखाच उपयोगी पडतो.

प्रथम दोऱ्याचा विचार करू. कापूस हवेतील ओलावा आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के धरून ठेवतो. पॉलिएस्टरचा धागा अर्धा टक्कादेखील धरीत नाही. कापसाचे वस्त्र घाम टिपून घेते व तो उडून जाताना अंगाला गारवा वाटतो, त्याचे कारण या गुणात आहे. शिवाय सुती धागा ओला झाला म्हणजे दुबळा होत नाही, उलट अधिक बळकट होतो. त्यामुळे वारंवार धुण्यास तो भीत नाही. बाजारात चकचकीत दोरा मिळतो तो मर्सराइज केलेला असतो. जॉन मर्सर या इंग्रज रसायनज्ञाने 1844 च्या सुमारास कॉस्टिक सोड्याचा सुतावर होणारा परिणाम शोधून काढला, त्यावरून हे नाव पडले. हा दोरा टिकाऊ असतो व रंग चांगला घेतो. मात्र अंगाशी लागणाऱ्या वस्त्रास साधा, मऊ, मध्यम जाडीचा सुती दोराच मला अधिक सुखाचा वाटतो. एका अंगरख्यास तो 300 ते 400 ग्रॅम लागतो. रंग पांढरा किंवा फिका घ्यावा.

आता विणीकडे वळू. क्रोशे हा फ्रेंच शब्द असून त्याचा अर्थ लहानशी आकडी. आपल्याला साडेतीन मिलिमीटर जाडीची आकडी पुरे. टाकेही तीनच यावयास हवेत: साखळी, मुका खांब आणि खांब. प्रारंभी दहा सेंटिमीटर लांबरुंदीचा एक नमुना विणून, धुऊन, वाळवून मोजावा. सुती वीण धुतल्यावर थोडी आखडते आणि अंगावर स्वतःच्या भाराने थोडी लोंबते. हा नमुना टाळणाऱ्या बहिणीचा अंगरखा बहुधा धाकट्या बहिणीच्या वाट्यास जातो.

अंगरख्यास दोन सारखे आयत लागतात, एक पुढचा व एक पाठीचा. 155 साखळ्या घालाव्या आणि आकडीपासून आठव्या साखळीत पहिला खांब घ्यावा. पुढे दोन साखळ्या, खालच्या दोन सोडून तिसरीत खांब, याप्रमाणे ओळ पुरी करावी म्हणजे पन्नास घरे होतात. उलटताना पाच साखळ्या घालून खांबावर खांब घेत जावे, आणि ओळीच्या शेवटचा खांब उलटतीच्या तिसऱ्या साखळीत घ्यावा. एक घर सव्वा सेंटिमीटरच्या आसपास रुंद होते. म्हणजे पन्नास घरांची रुंदी सुमारे साठ सेंटिमीटर. उंचीला 85 ओळी पुरतात.

येथे एक विचार महत्त्वाचा आहे. जाळीतून वारा येतो, तसे ऊनही येते. मोकळी जाळी उन्हापासून रक्षण करते, अशा समजुतीत कोणी राहू नये. दुपारचे ऊन डोक्यावरून उतरते आणि खांद्यांवर पडते. म्हणून शेवटच्या पंधरा ओळींत प्रत्येक घरातील दोन साखळ्यांऐवजी दोन खांब घेऊन ती घरे भरून काढावी. खांदे भरीव, आणि पाठ, कुशी व घेर मोकळे, अशी ही रचना आहे. आपल्याकडील जुन्या घरांची बांधणी आठवा: वर जाड धाबे, आणि वारा खेळावा म्हणून भिंतीत समोरासमोर खिडक्या. अंगरख्यालाही तोच न्याय लावावयाचा. एवढे करूनही भर दुपारी बाहेर पडणे झाले तर आत पातळ सुती वस्त्र आणि डोक्यावर पदर किंवा दुपट्टा हवाच.

दोन्ही आयत एकमेकांवर ठेवून वरच्या कडेस मध्ये 28 सेंटिमीटर गळा सोडावा व दोन्ही बाजूंचे खांदे मुक्या खांबांनी जोडावे. कुशी जोडताना हातासाठी वर 22 सेंटिमीटर आणि चालणे मोकळे व्हावे म्हणून खाली 25 सेंटिमीटर जागा सोडावी. गळ्यास, बाह्यांस व घेरास मुक्या खांबांच्या दोन ओळींचा काठ दिला की काम संपले. धुतल्यावर पिळू नये आणि दोरीवर टांगू नये. सावलीत सपाट पसरून वाळवावा, नाही तर त्याची लांबी दर धुण्याला वाढत जाईल. समुद्राच्या पाण्यात भिजला तर त्याच दिवशी गोड्या पाण्यातून काढावा.

येथवर कृती झाली. आता तिचा हिशेब करू, कारण मला खरे बोलावयाचे आहे ते त्याविषयी.

पन्नास घरांच्या 85 ओळी आणि असे दोन आयत, म्हणजे साडेआठ हजार घरे. सरावलेल्या हाताला एका घरास सहा सेकंद धरले तर 51,000 सेकंद होतात. म्हणजे चौदा तासांहून अधिक. खांद्यांची भर, जोडणी आणि काठ मिळवले की सुमारे वीस तास होतात. यात उसवणे नाही, उठून चूल पाहणे नाही. आणि हे काम यंत्राकडे सोपवता येत नाही. विणकामाची यंत्रे क्रोशासारखे दिसणारे कापड काढतात. परंतु खरा क्रोशा विणून बाजार भरून टाकील असे यंत्र अद्याप कारखान्यांत आलेले नाही. तेव्हा दुकानात आकडीने विणलेला अंगरखा लोंबताना दिसला, तर तो कोणा ना कोणा माणसाच्या हातातून, टाक्यामागे टाका पडून, आलेला आहे हे निश्चित समजावे.

या कलेचा इतिहासही असाच पोटाशी बांधलेला आहे. 1845 पासून आयर्लंडात बटाट्याचे पीक बुडून भयंकर दुष्काळ पडला, तेव्हा तेथील मठांतून व शाळांतून मुलींना क्रोशा शिकविण्यात आला आणि त्या लेसच्या विक्रीवर कित्येक घरांनी दिवस काढले. आपल्या देशात आंध्र प्रदेशातील नरसापूर हे गाव या कामाचे मोठे केंद्र आहे. तेथील स्त्रियांवर मारिया मीस या जर्मन विदुषीने लिहिलेला ग्रंथ 1982 साली प्रसिद्ध झाला. त्यातील मुख्य मुद्दा असा की, या बायका जगाच्या बाजारपेठेसाठी माल तयार करीत होत्या. परंतु त्या घरी बसून काम करीत असल्यामुळे त्यांना कामगार न म्हणता गृहिणी म्हटले गेले, आणि त्यांचे श्रम फावल्या वेळातील विरंगुळा म्हणून मोजले गेले. मोल कमी देण्यास ही समजूत फार सोयीची पडली.

वऱ्हाडास ही गोष्ट परकी वाटू नये. एकोणिसाव्या शतकात अमरावतीच्या नावाने ओळखला जाणारा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात विकला जाई, आणि 1861 ते 1865 या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे त्याला सोन्याचे दिवस आले होते. तो कापूस त्या वेळी कोण वेचीत होते? शेतातील बायाच वेचीत होत्या, आणि आजही बहुतेक वेचणी त्यांच्याच हातून होते. काळ्या मातीतून निघालेले बोंड सरकी काढून, गाठी बांधून बाहेर जाते आणि त्याचे सूत होऊन, चकचकीत दोऱ्याच्या गुंडीच्या रूपाने चौपट मोलाने परत येते. निदान यापुढच्या टप्प्यावर, म्हणजे दोऱ्याचे वस्त्र होताना, श्रमाचा दाम श्रम करणारीच्या पदरी पडावा, एवढी अपेक्षा फार मोठी नव्हे.

म्हणून दोन विनंत्या करते. ज्या भगिनी हा अंगरखा विकण्यासाठी विणतील त्यांनी आकडीशेजारी एक लहानशी वही ठेवावी. दोरा किती, तास किती, हे दररोज टिपावे, आणि किंमत सांगताना प्रथम तास बोलावे. “घरीच तर केले आहे” हे वाक्य किंमतीच्या आधी उच्चारू नये. आणि जे विकत घेतील त्यांनी सांगितलेल्या किंमतीतून दोऱ्याचा खर्च व दुकानदाराचा वाटा वजा करून उरलेल्यास वीसने भागावे. जो आकडा येईल तो एका तासाच्या श्रमाचा दाम. तो आकडा आपल्या लेकीच्या मजुरीचा म्हणून आपणांस चालेल काय, हे स्वतःस विचारावे, आणि मगच घासाघीस करावयाची की नाही ते ठरवावे.

स्वतःसाठी विणणारीस मात्र या हिशेबाची गरज नाही. तिचे वीस तास तिच्याच खांद्यावर, तिच्याच सावलीस राहणार आहेत. होळीनंतर आरंभ केला आणि रोज तासभर दिला, तर वैशाख तापण्यापूर्वी अंगरखा तयार होतो. यंदा रुखवतासाठी आणखी एक रुमाल विणण्याचे मनात असेल, तर तो दोरा आधी नवरीच्या अंगरख्याला लावावा, एवढे सुचवून मी आपली रजा घेते.