एका खरखरीचा प्रवास

रेडिओवरची खरखर कुणालाच नको असते. आज बोलायचं आहे ते मात्र अशाच एका खरखरीबद्दल.

हॉलंडमधल्या आइंडहोवन गावी, फिलिप्सच्या प्रयोगशाळेत, व्हान डेर पोल आणि व्हान डेर मार्क एका विद्युत मंडलाला बाहेरून ठरावीक ठेका देत होते. मंडल त्या ठेक्याच्या निम्म्या, तिसऱ्या, चौथ्या हिश्श्यानं आंदोलनं करी. एका हिश्श्यावरून पुढच्यावर सरकताना टेलिफोनच्या रिसीव्हरमध्ये अधूनमधून खरखर ऐकू येई. 1927 साली ‘नेचर’मध्ये दोघांनी ती नोंदवली, दुय्यम बाब म्हणून सोडून दिली.

कारण दुप्पट केलं तरी परिणाम दुप्पट होत नाही, अशा व्यवस्थांचा अभ्यास म्हणजे अरेषीय यांत्रिकी. 1938 मध्ये ब्रिटनच्या रेडिओ संशोधन मंडळानं अशा व्यवस्थांच्या समीकरणांसाठी गणितज्ञांची मदत मागितली. मेरी कार्टराइट आणि लिटलवुड कामाला लागले. व्हान डेर पोल यांच्या साध्यासुध्या दिसणाऱ्या समीकरणात भलताच गुंता निघाला. पुढे अमेरिकेत लेव्हिन्सन यांनी तो सोप्या रूपात मांडला.

रशियात तोवर वेगळंच काही चाललं होतं. किंचित धक्का दिला तरी ज्यांचं एकूण चित्र बदलत नाही, अशा ‘स्थिर’ व्यवस्थांचा विचार आंद्रोनॉव्ह आणि पोंत्र्यागिन यांनी 1937 मध्ये मांडला. तो अमेरिकेत रुजवला लेफशेट्झ यांनी. मॉस्कोत जन्म, पॅरिसमध्ये शिक्षण, अमेरिकेत इंजिनीअर. अपघातात दोन्ही हात गेले, तेव्हा गणिताकडे वळलेला हा माणूस. आंद्रोनॉव्ह आणि खाइकिन यांचा आंदोलनांवरचा ग्रंथ त्यांनी 1949 मध्ये इंग्रजीत आणला. त्या ग्रंथाचे तिसरे लेखक व्हिट. स्टालिनच्या काळात त्यांना अटक झाली, मृत्यू आला आणि मुखपृष्ठावरून नावही गेलं. ते परतलं 1959 च्या रशियन आवृत्तीत. विचार सरहद्द ओलांडून गेला, पण माणसाचं नाव घरातच पुसलं गेलं होतं.

लेफशेट्झ यांच्याकडे प्रिन्स्टनला काम केलेले पेशोतो ब्राझीलचे. त्यांच्यामुळे स्टीफन स्मेल या विषयात आले आणि 1960 मध्ये रिओला राहिले. स्थिर व्यवस्था साध्याच असतात, असा स्मेल यांचा होरा होता. तेवढ्यात लेव्हिन्सन यांचं पत्र आलं: कार्टराइट-लिटलवुड यांचं काम पाहा, तुमचा होरा तिथे टिकत नाही. मला विचाराल तर या साऱ्या देवघेवीत त्या एका पत्राचं मोल सर्वांत मोठं. स्मेल यांनी ते मनावर घेतलं, आणि ताणून, दुमडून घोड्याच्या नालेसारखी होणारी आकृती त्यांना सुचली. गुंता असूनही स्थिर अशी!

सप्टेंबर 1961 मध्ये कीव्हला अरेषीय आंदोलनांवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. बर्लिनची भिंत उभी राहू लागल्याला जेमतेम महिना झाला होता. स्मेल तिथे बोलले. श्रोत्यांत तरुण अनोसोव्ह होते. त्यांनी स्मेलना मॉस्कोला नेऊन आर्नोल्ड, सिनाई, नोविकोव्ह यांच्याशी भेट घालून दिली, आणि पुढच्या वर्षी अशा गुंत्याच्या व्यवस्थांच्या एका मोठ्या वर्गाचं स्थैर्य सिद्ध केलं. त्या व्यवस्थांना आज अनोसोव्ह यांचंच नाव आहे.