रुग्णाच्या उशाशीं चालणारें शिक्षण

पुण्याच्या ससून रुग्णालयांत मध्यरात्रीं धाप लागलेला एखादा वृद्ध आणला, तर त्याला प्रथम तपासणारा डॉक्टर बहुधा पंचवीस-सत्तावीस वर्षांचा असतो. नातेवाईक कुजबुजतात, "हा तर पोरगा दिसतो, मोठे डॉक्टर कोठें आहेत?" प्रश्न स्वाभाविक आहे. त्याच पोराविषयीं, म्हणजे औषधवैद्यक शाखेच्या निवासी डॉक्टराविषयीं, आज बोलावयाचें आहे. शस्त्रवैद्यांची गोष्ट निराळी. ससूनचें नांव काढतांच १९२४ च्या जानेवारींत तेथें झालेली गांधीजींची शस्त्रक्रिया आणि ऐन वेळीं गेलेली वीज पुणेकरांस आठवते. औषधवैद्यकाच्या वाट्यास असे प्रसंग येत नाहींत. ताप, दमा, मधुमेह, पक्षाघात, सर्पदंश, थोडक्यांत जें कापून काढतां येत नाहीं, तें सारें यांच्या पदरीं.

हा तरुण विद्यार्थी कीं डॉक्टर? दोन्ही. आंतरवासितेचें वर्ष धरून साडेपांच वर्षांचा एम. बी. बी. एस. चा अभ्यासक्रम त्यानें पुरा केलेला असतो. मग अखिल भारतीय प्रवेश-परीक्षा देऊन तो एम. डी. साठीं तीन वर्षें रुग्णालयाचा होतो. ससून रुग्णालय १८६७ पासूनचें. त्याला जोडलेल्या बैरामजी जीजीभाई वैद्यकीय शाळेचें महाविद्यालय १९४६ सालीं झालें. शिकावू डॉक्टरानें रुग्णालयांतच मुक्काम ठेवून शिकावें, ही पद्धत मात्र अमेरिकेंत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयानें रूढ केली. तें १८८९ सालीं उघडलें. तेथील औषधवैद्यकाचे प्रमुख विल्यम ऑस्लर यांनीं विद्यार्थ्यांस व्याख्यानगृहांतून उठवून रुग्णाच्या खाटेजवळ नेलें. 'निवासी' हें नांव त्या मुक्कामावरून आलें. गुरुगृहीं राहून शिकण्याची परंपरा आपल्याकडे होतीच, असें कोणी म्हणेल. पण जन्मभर शाळेंत खडू झिजविलेल्या माझ्यासारख्याला एक फरक जाणवतो. आमच्या विद्यार्थ्याची चूक पाटीवर होत असे आणि ओल्या बोटानें पुसली जात असे.

म्हणूनच येथें जबाबदारी पायरीपायरीनें देतात. पहिल्या वर्षाचा निवासी हकीकत लिहून घेतो, रक्त काढतो, तपासण्यांच्या निकालांमागें धांवतो. दुसऱ्या वर्षाचा त्याच्या कामावर नजर ठेवतो. तिसऱ्या वर्षाचा निर्णय सुचवितो, आणि अडल्यास अपरात्रीं अध्यापकांस दूरध्वनि करतो. सकाळीं अध्यापकांची फेरी निघते, तेव्हां खाटेच्या पायथ्याशीं उभें राहून सारी हकीकत तोंडपाठ सांगावी लागते. याखेरीज प्रबंध लिहावयाचा, आणि अलीकडे तीन महिने जिल्हा रुग्णालयांत काम करावयाचें, तें वेगळेंच.

या शिक्षणांत नेमकें काय शिकावयाचें असतें, हें एका उदाहरणानें सांगतों. २०२५ च्या जानेवारींत सिंहगड रस्ता, नांदेडगांव, किरकटवाडी, धायरी या बाजूस गुइलेन-बॅरे विकाराची साथ उद्भवली, ती आपण विसरलां नसालच. या विकारांत शरीराची संरक्षक शक्तिच मज्जातंतूंवर उलटते. पुष्कळदां आधीं जुलाबाचें निमित्त होतें. पायांतील बळ जातें, अशक्तपणा वर चढत जातो आणि कित्येकांत श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोंचतो. अशा रुग्णाच्या उशाशीं बसून डॉक्टर म्हणतो, "खोल श्वास घ्या, आणि एका दमांत मोठ्यानें आंकडे म्हणा." सकाळीं रुग्ण तीसपर्यंत गेला, दुपारीं बावीसवर थांबला, संध्याकाळीं चौदावर. बोटाला लावलेलें प्राणवायु मोजणारें यंत्र तेव्हांही ९८ दाखवीत असूं शकतें. परंतु शिकलेल्या कानाला कळतें, कीं कृत्रिम श्वासोच्छ्वासाची तयारी आतांच केली पाहिजे. नुसता चौदा हा आंकडा फारसें सांगत नाहीं. तीस, बावीस, चौदा हा उतार सर्व कांहीं सांगतो. तो उतार दिसावा, तर एक तर सकाळपासून तोच डॉक्टर जवळ हवा, नाहीं तर सकाळच्या डॉक्टरानें संध्याकाळच्याला तो नीट सांगितलेला हवा.

खरा पेंच येथें आहे. तोच डॉक्टर जवळ ठेवावा, तर तो थकतो. आपल्याकडील अनेक शासकीय रुग्णालयांत सलग चोवीस, प्रसंगीं छत्तीस तासांचें काम ही नवलाची गोष्ट नाहीं. केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी योजनेंत सलग काम सामान्यतः बारा तासांपेक्षां अधिक नसावें, असें लिहिलें होतें. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलानें २०२४ सालीं आठवड्यास ७४ तासांची मर्यादा सुचविली. कागद आणि वॉर्ड यांतील अंतर मोठें आहे, आणि त्याबद्दल सरकारला जाब विचारण्याचा हक्क डॉक्टरांइतकाच आपलाही आहे. बत्तीस तास झोंपेविना राहिलेला माणूस आपली मोटार चालवीत असेल, तर आपण तींत बसूं काय?

अमेरिकेनें हा प्रश्न आपल्या आधीं सोसला. १९८४ सालीं न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयांत अठरा वर्षांची मुलगी दाखल होऊन कांहीं तासांतच दगावली; तिच्यावर शिकावू डॉक्टरांचे उपचार चालू होते आणि ज्येष्ठ डॉक्टर जवळ नव्हते. चौकशीनंतर १९८९ त त्या राज्यानें आठवड्याचें काम ८० तासांवर आणलें; २००३ सालीं तीच मर्यादा देशभर आली. पुढच्याच वर्षीं बॉस्टनच्या एका अभ्यासांत दिसलें, कीं अतिदक्षता विभागांत लांब पाळ्या करणाऱ्या नवशिक्यांच्या गंभीर चुका आखूड पाळीवाल्यांपेक्षां ३६ टक्क्यांनीं अधिक होत्या. येथें प्रश्न सुटला असें वाटेल. पण २०१९ सालीं ६३ औषधवैद्यक अभ्यासक्रमांच्या तुलनेचा निष्कर्ष आला: आठवड्याचे ८० तास पाळून रोजच्या पाळीची लांबी सैल ठेवली, तरी मृत्यूंचें प्रमाण वाढलें नाहीं. पाळी आखूड केली, कीं रुग्ण अधिक वेळां हातांतून हातांत जातो, आणि प्रत्येक वेळीं कांहींतरी सांडतें, हें याचें एक कारण असावें असें मला वाटतें. नऊ बालरुग्णालयांत रुग्ण सोंपवून देण्याची ठरीव रीत निवासी डॉक्टरांस शिकविली, तेव्हां चुका २३ टक्क्यांनीं घटल्या. हा अभ्यास २०१४ चा. विश्रांति द्यावी आणि सोंपविण्याची रीतहि शिकवावी. पहिलीची मागणी संपांत होते. दुसरीचें कोणी नांव काढीत नाहीं.

या साऱ्यांत घरच्या मंडळींचाहि वांटा आहे. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रांत २०१० सालीं कायदा झाला. तरी २०१७ च्या मार्चांत धुळ्यास एका निवासी डॉक्टरास मारहाण झाली आणि राज्यभर निवासी डॉक्टर सामुदायिक रजेवर गेले. मारहाण सभ्य घरांतील माणसें करीत नाहींत, असें आपण मानतों. पण सहा नातेवाइकांनीं सहा वेळां तोच प्रश्न विचारून त्याच डॉक्टराला अडविणें, हें सभ्य घरांतूनच होतें. घरांतील एकानेंच बोलावें. जुने कागद आणि चालू औषधांचीं पाकिटें एका पिशवींत घालून बरोबर न्यावीं. "ती पांढरी गोळी" या वर्णनानें कोणाचें काम होत नाहीं. पाळी बदलण्याच्या वेळीं जवळ असाल, तर नव्या डॉक्टरांस एवढेंच विचारावें: रात्रीं यांच्यावर लक्ष कोणाचें, आणि काय बिघडलें तर त्यांना लगेच बोलवावयाचें?