शेत आपले, दगड कोणाचा?

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



गणपतीपुढे बोलायला उभे राहून मी खाणीचा विषय काढतो आहे, याचे काहींना नवल वाटेल. कार्यकर्त्यांनी मला सांगितले होते, "काका, नोकरीतले अनुभव सांगा." मी ३१ वर्षे गुलबर्गा जिल्ह्यात चुनखडीच्या खाणीवर मोजणीचे काम केले. (जिल्ह्याचे नाव आता कलबुर्गी झाले, पण आपल्या तोंडी अजून गुलबर्गाच आहे.) अनुभव पुष्कळ आहेत. पण गेल्या वर्षी आमच्याच घरात जे घडले, त्यावरून वाटले की गमतीजमती सांगण्यापेक्षा कामाचे बोलावे.

माझ्या चुलतभावाच्या शेताचा एक कोपरा माळाचा आहे. तिथे ज्वारीही धड येत नाही. एक ठेकेदार आला आणि म्हणाला, "दादा, पडीकच आहे, मुरूम काढतो, ट्रिपमागे पैसे देतो." शंभर रुपयांच्या बाँडवर सह्या झाल्या. भावाला वाटले, कागद झाला म्हणजे सगळे कायदेशीर झाले. जेसीबी आला, टिप्पर आले, रात्रीसुद्धा काम चालू राहिले. चार महिन्यांनी वीस फुटांचा खड्डा उरला, ठेकेदाराचा फोन बंद झाला आणि विनापरवाना उत्खननाची नोटीस आली. नोटीस कोणाच्या नावाने? पहाणीत ज्यांची नावे आहेत त्या सगळ्यांच्या. त्यात पुण्यात नोकरी करणारा पुतण्या होता आणि हैदराबादला दिलेली आमची बहीणही होती. राखी पौर्णिमेला ती आली, तेव्हा तिने पहिला प्रश्न केला, "दादा, मी काय केलं?" त्या प्रश्नाला आमच्यापैकी कोणाकडे उत्तर नव्हते.

म्हणून आज एवढेच सांगायचे आहे: जमिनीची मालकी वेगळी, खनिजाचा हक्क वेगळा आणि ते काढण्याचा परवाना वेगळा. या तीन गोष्टी आपण एकच समजतो आणि तिथेच फसतो.

आधी हक्काचे पाहू. आपण कर्नाटकात राहतो, त्यामुळे आपल्याला कर्नाटकचा १९६४ चा जमीन महसूल कायदा लागू आहे. त्याच्या ७० व्या कलमाप्रमाणे, जमीन देताना सरकारने स्पष्टपणे वेगळे लिहून दिले नसेल, तर खाणी आणि खनिजे सरकारची. पलीकडे उमरग्याला किंवा सोलापूरला आपले सोयरे आहेत, त्यांना महाराष्ट्राचा १९६६ चा कायदा लागू होतो. त्याचे ४८ वे कलमही याच विषयावर आहे, आणि विनापरवाना उत्खननाला खनिजाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे.

कोणी म्हणेल, "सर्वोच्च न्यायालयाने तर खनिज जमीनमालकाचे असे सांगितले आहे." तसा निकाल जुलै २०१३ मध्ये आला, हे खरे. पण तो केरळातल्या मलबार भागातील जुन्या जन्मी जमिनींबद्दल होता. शिवाय खनिज तुमचे ठरले तरी परवान्याशिवाय ते काढता येत नाही. बंदूक स्वतःच्या पैशाने घेतली तरी लायसन लागतेच, तसे हे आहे.

सगळीकडे असेच असते असे नाही. गोव्यात पोर्तुगीजांनी खाणींचे कायमचे हक्क दिले होते. १९८७ मध्ये आपल्या संसदेने कायदा करून ते संपवले आणि २० डिसेंबर १९६१ पासूनच ते साधे भाडेपट्टे होते असे ठरवले. पुढे फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चमध्ये तिथल्या खाणी थांबल्या. पिढ्यान्‌पिढ्या "आमची खाण" म्हणणाऱ्यांना कळले की हातात होता तो मुदतीचा पट्टा.

आफ्रिकेत पाहा. दक्षिण आफ्रिकेत पूर्वी खनिजाचा हक्क खाजगी माणसाकडे असू शकत होता. २००४ मध्ये लागू झालेल्या कायद्याने खनिजे साऱ्या जनतेची आणि सरकार त्यांचे राखणदार असे ठरले. टांझानियात शोध घेण्याचा परवाना वेगळा, मोठ्या खाणीचा वेगळा आणि लहान खाणदारासाठी 'प्राथमिक' परवाना वेगळा. हा लहान परवाना फक्त तिथल्या नागरिकालाच मिळतो. सांगायचा मुद्दा हा की, जमिनीखाली काय आहे आणि ते कोणी काढायचे, हे जवळजवळ प्रत्येक देशाने जमिनीच्या कागदापासून वेगळे काढले आहे.

आता आपल्याकडचे प्रकार. १९५७ चा खाणी व खनिजे कायदा सगळ्या देशाला लागू आहे. त्यात खनिजांचे दोन मोठे गट पडतात. एक प्रधान खनिजे: लोखंड, मँगनीज, सिमेंटची चुनखडी वगैरे. दुसरी गौण खनिजे: बांधकामाचा दगड, खडी, साधी वाळू, माती, मुरूम. गौण खनिजांचे नियम करण्याचा अधिकार राज्यांना आहे, आणि कर्नाटकचे ते नियम १९९४ चे आहेत. आपल्या पठारावरचा जांभा, ज्यात बिदरचे कारेझ म्हणजे भुयारी पाटाचे पाणी कोरून काढले आहे, तोही २०१५ पासून गौण खनिजांच्या यादीत आहे.

यातली गंमत मी नोकरीत रोज पाहिली. शहाबादी फरशी आपल्या सगळ्यांच्या घरात आहे. ती निघते शहाबाद, चितापूर, सेडमकडच्या चुनखडीच्या थरांतून. तोच चुनखडक फरशी म्हणून काढला तर राज्याच्या नियमांत गौण खनिज, आणि सिमेंटच्या भट्टीत घातला तर प्रधान खनिज. दगडाची जात तीच, पण वापर बदलला की कायदा बदलतो. म्हणून कोणी परवान्याचा कागद दाखवला तर "परवाना आहे का?" एवढे विचारून भागत नाही. "कशासाठी, कोणत्या सर्व्हे नंबरात आणि कधीपर्यंत?" हेही विचारावे लागते.

प्रधान खनिजांसाठी मुख्य प्रकार असे. जिथे खनिज किती आहे हे नक्की ठरले आहे, तिथे खाणपट्टा. जिथे अजून शोध घ्यायचा आहे, तिथे शोध आणि पुढे खाण असा संयुक्त परवाना. २०१५ पासून हे दोन्ही लिलावाने दिले जातात आणि नवा पट्टा ५० वर्षांचा असतो. २०२३ मध्ये खोलवरच्या आणि दुर्मिळ अशा २९ खनिजांसाठी वेगळा शोध-परवानाही आला. अशा पट्ट्यात आपले शेत आले तर खनिजाची किंमत आपल्याला मिळत नाही, पण जमिनीच्या वापराची आणि नुकसानीची भरपाई मागण्याचा हक्क आहे. तो सोडू नका.

गौण खनिजांत आपला संबंध रोजचा. जमीन आपल्या पट्ट्याची असेल तर आपली संमती लागते. पण संमती म्हणजे परवाना नव्हे. बाँडवरची सही ही फक्त संमती असते. परवाना खाण व भूविज्ञान खात्याचा लागतो. फेब्रुवारी २०१२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून पाच हेक्टरांहून लहान खाणीलाही पर्यावरण मंजुरी लागते. शेतजमिनीचा वापर बदलायचा तर महसूल खात्याची परवानगी वेगळी. आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक टिप्परसोबत वाहतुकीचे परमिट हवे.

मग स्वतःचे घर बांधताना पाया खणला तर? डिसेंबर २०१४ मध्ये पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की पायासाठी खणलेली माती त्याच प्लॉटवर वापरली तर तेवढ्याने रॉयल्टी लागत नाही. माती बाहेर विकली की गोष्ट वेगळी.

रॉयल्टी म्हणजे काय, तेही सांगतो. सिमेंटच्या चुनखडीला २०१४ पासून टनाला ८० रुपये रॉयल्टी आहे. ती सरकारला जाते, शेतकऱ्याला नाही. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आठ विरुद्ध एक मताने ठरवले की रॉयल्टी हा कर नव्हे, तो खनिज काढण्याच्या हक्काचा मोबदला आहे. याशिवाय २०१५ पासून प्रत्येक खाण-जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान असते. खाणवाले रॉयल्टीच्या ठरावीक टक्के रक्कम त्यात भरतात, आणि तो पैसा खाणीची झळ बसलेल्या गावांच्या पाण्यावर, दवाखान्यावर, शाळेवर खर्च व्हायचा असतो. आपल्या गावाला त्यातले काय मिळाले, हे ग्रामसभेत उभे राहून विचारा. लाजू नका.

हुमनाबादवरून जाणारा महामार्ग रुंद झाला, २०१७ मध्ये बिदर–कलबुर्गी रेल्वे धावू लागली. चांगलेच झाले. पण रस्ता आणि रूळ भरावावर उभे राहतात, आणि भराव कोणाच्या तरी माळातून येतो. उद्या कोणी तुमच्या दारात आले तर चार गोष्टी करा. परवान्याची प्रत मागा आणि ती जिल्ह्याच्या खाण कार्यालयात दाखवून खात्री करा. किती लांब, किती रुंद, किती खोल, हे कागदावर लिहून घ्या. खड्डा बुजवण्याची जबाबदारी कोणाची, तेही लिहून घ्या. आणि पहाणीत नाव असलेल्या प्रत्येकाला, विशेषतः लग्न होऊन गेलेल्या बहिणींना, आधी विचारा. विनापरवाना उत्खननाला कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि हेक्टरी पाच लाखांपर्यंत दंड आहे. अशा कागदावर आपल्या बहिणीचे नाव तिच्या नकळत चढू देऊ नका.

आमच्या प्रकरणाचे उत्तर वकिलामार्फत दिले आहे, ते चालू आहे. खड्ड्यात यंदाच्या पावसाचे पाणी साचले आहे. भावाने कडेने काट्यांचे कुंपण घातले, कारण पोरे पोहायला जातात. माळ पडीक होता, तरी तिथे शेळ्या चरत होत्या. आता तेही नाही.

बहिणीने मात्र परवा फोनवर सांगितले, "दादा, या वेळी भाषणात हेच सांग." सांगितले.

गणपती बाप्पा मोरया!